पहिली चूक बाहुलीवर

रुग्णाचं हृदय बंद पडलं की नर्सने धावत सुटायचं, हे आम्ही मुलींच्या अंगात पहिल्या वर्षापासून भिनवत असतो. हाक मारा, खांदा हलवा, मदतीला ओरडा आणि छातीवर दाब द्यायला लागा. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल गेला पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. मेंदूला रक्त पोचलं नाही तर चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरायला लागतात, म्हणून विचार करत उभं राहायचं नाही. २०२० साली त्याच मुलींना मला उलट शिकवावं लागलं. दारात थांब. पीपीई किट घाल. एन-९५ नाकावर दाबून बसव. आत गरजेपेक्षा एकही जास्तीचं माणूस नको. अ‍ॅम्बू बॅगला फिल्टर लावल्याशिवाय एकही श्वास देऊ नकोस.

हे माझ्या मनाचं नव्हतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांसाठी ज्या तात्पुरत्या सूचना काढल्या, त्यांचा गाभा हाच होता. छातीवर दाब देताना, श्वास देताना रुग्णाच्या श्वासातले कण खोलीभर पसरतात आणि मदतीला धावलेली नर्सच उद्या शेजारच्या खाटेवर येऊ शकते. मुलींनी ते वाचलं, पाठ केलं, विचारल्यावर घडाघडा सांगितलंही. मग सरावाच्या खोलीत मी ‘सिस्टर, पेशंट बोलत नाहीये!’ असं ओरडले, तेव्हा तिसऱ्या वर्षाची सगळ्यात हुशार मुलगी, एका कानाला मास्क लोंबत असताना, डमीच्या छातीवर दोन्ही हात ठेवून मोकळी झाली.

डोक्याला कळलेलं हाताला कळायला वेगळा वेळ लागतो. नर्सिंग शिक्षणात ज्याला सिम्युलेशन म्हणतात, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करायचा आणि विद्यार्थ्याला त्यात वावरायला लावायचं, ते या वेळेसाठीच असतं. नर्सच्या हातून पहिली चूक व्हायचीच असेल तर ती जिथे कुणाला दुखणार नाही अशा ठिकाणी व्हावी. हे मी पूर्वीही मानत होते. महामारीने त्याचा आग्रह धरायला लावलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्याआधी आयसीयूत स्टाफ नर्स होते. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातले रुग्ण निघाले आणि आमचा जिल्हा राज्यभर बातम्यांत आला. मिरजेचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. आमचं हॉस्टेल रिकामं झालं, मुली मिळेल त्या वाहनाने गावी गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष आधीच नर्स आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं, कारण १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होत होती. ज्या दिवशी दरवर्षी आम्ही हातात दिवा घेऊन शपथ घेतो, त्या दिवशी आमच्या मुली आपापल्या घरी मोबाइलसमोर बसल्या होत्या.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. दोन्हींत वेळेचा मोठा हिस्सा वॉर्डातल्या पोस्टिंगमध्ये जातो. शरीररचना, औषधशास्त्र, पोषण हे झूमवर, गुगल मीटवर रेटता आलं. नंदुरबारकडची एक मुलगी रेंजसाठी शेताच्या बांधावर बसायची आणि तिच्या माइकमधून आम्हा सगळ्यांना बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा. पण शिरेत सुई कशी सरकते, नाकातून नळी घालताना रुग्णाला नेमकं कधी गिळायला सांगायचं, हे मोबाइलवर कसं शिकवणार? व्हिडिओ पाहिला की मुलीला वाटतं, आपल्याला येतंय. हा भास फार वाईट, कारण तो थेट रुग्णाच्या दंडाशी जाऊन फुटतो.

मग आम्ही घरात जे आहे त्याकडे वळलो. प्रत्येक मुलीने घरातल्या मोठ्या माणसाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, त्याला न सांगता. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी, तापमान यांचा तक्ता पाठवायचा. आजोबांना मधुमेह असेल तर त्यांच्या पायाची बोटं, टाचा, बोटांमधल्या फटी उजेडात बघायच्या आणि काय दिसलं ते लिहायचं. गादीवर चादर घालून हॉस्पिटल कॉर्नर करायचा आणि आईला त्यावर झोपवून, तिला न उठवता चादर बदलायची. यातून बरंच साधलं. साताऱ्याकडच्या एका मुलीने आजीच्या टाचेवरची जखम शोधली. आजीला ती जाणवतही नव्हती. पुढे सहा आठवडे ड्रेसिंग तिनेच केलं. तिच्या केस बुकमधली ती पानं मी अजून नव्या मुलींना दाखवते.

तरी ते पुरेसं नव्हतं. टप्प्याटप्प्याने मुली परत आल्या, पण वॉर्ड बंद होते. किट कमी, धोका जास्त, शिकाऊ मुलींना आत कोण घेणार? उरली सरावाची खोली.

या खोलीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. नर्सिंग कॉलेजला मान्यता हवी तर स्किल लॅब लागते, त्यामुळे ती असतेच. मी काम केलेल्या एका कॉलेजात तिला कुलूप असायचं. मॅनिकिन प्लॅस्टिकच्या आवरणात, अ‍ॅम्बू बॅग खोक्यात. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सगळं पुसून मांडायचं, इन्स्पेक्शन झालं की परत आत. वापरलं तर खराब होईल, खराब झालं तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार, ही भीती. मुली एक डेमो बघायच्या, एकदा रिटर्न डेमो द्यायच्या आणि वॉर्डात जाऊन खरं शिकायच्या. म्हणजे कुणावर शिकायच्या? जनरल वॉर्डातल्या गरीब, न बोलणाऱ्या म्हातारीवर. तिचे दोन्ही हात निळे होईपर्यंत व्हेन शोधत राहायच्या. हे आपण इतकी वर्षं चालवून घेतलं, कारण ती म्हातारी तक्रार करत नव्हती.

खरं तर नर्सिंगमधली बाहुली नवी नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलला १९११ मध्ये माणसाच्या आकाराची पहिली बाहुली मिळाली. तिचं नाव मिसेस चेस, कारण ती घडवली होती मार्था चेस या खेळण्यातल्या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी. उचलणं, कूस बदलणं, कपडे घालणं हे तिच्यावर शिकवलं जाई, पुढच्या आवृत्तीत दंडात इंजेक्शनची जागाही आली. सीपीआरसाठी जगभर वापरली जाणारी रेसुसी अ‍ॅन १९६० मध्ये बाजारात आणली नॉर्वेच्या आसमुंड लेर्डाल यांनी, आणि तेही मूळचे खेळणीवालेच. आज श्वास घेणारे, घाम येणारे, डोळ्यांची बाहुली आकुंचन पावणारे संगणकी मॅनिकिन मिळतात. किंमत लाखांत असते. आमच्याकडे तसा एकही नव्हता. अर्धं धड, एक हात, एक पूर्ण डमी आणि एक बाळ, एवढ्या भांडवलावर आम्ही सुरुवात केली. व्हेनसाठी आम्ही फोमच्या गुंडाळीत सलाईनच्या नळ्या बसवून त्यात लाल शाईचं पाणी भरलं. सुई बरोबर लागली की मागे लाल थेंब दिसतो, आणि मुलीचा चेहरा उजळतो तो खरा असतो.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो किट काढण्याला. बाहेरच्यांना वाटतं, किट घालणं कठीण. घालताना कुणीही काळजीपूर्वकच घालतं. काढताना मात्र सहा तासांचा घाम आलेला असतो, तहान लागलेली असते, लघवी दाबून धरलेली असते, आणि नेमक्या त्या वेळी अंगावरचा प्रत्येक बाहेरचा इंच दूषित असतो. क्रम रुग्णालयागणिक थोडा बदलतो, पण तत्त्व एकच आहे. सगळ्यात घाण वस्तू आधी, म्हणजे बाहेरचे हातमोजे. मग गाऊन आतली बाजू बाहेर करत, स्वतःपासून लांब धरून गुंडाळायचा. चष्मा मागच्या पट्टीला धरून काढायचा. मास्क सगळ्यात शेवटी, तोही पुढे हात न लावता. आणि प्रत्येक पायरीनंतर हात निर्जंतुक करायचे.

परदेशात याच्या प्रशिक्षणासाठी अतिनील दिव्याखाली चमकणारा द्रव वापरतात. आम्ही कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवली. जुन्या चादरींचे गाऊन शिंप्याकडून शिवून घेतले. मुलगी पूर्ण तयार झाली की तिच्या हातमोज्यांना, पोटाला, बाह्यांना नीळ लावायची आणि मग तिने सगळं उतरवायचं. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकीच्या कानामागे निळं निघालं. काहींच्या मनगटावर, एकीच्या ओठाजवळ. तिने केव्हा तोंडाला हात लावला हे तिला आठवतच नव्हतं. ती रडली नाही, पण आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या घरी दोन वर्षांचा भाऊ होता.

मग जोड्या केल्या. एक काढणार, दुसरी समोर उभी राहून पायरी मोठ्याने वाचणार आणि चुकलं की ‘थांब’ म्हणणार. इथे एक अडचण आली ती वेगळीच. ज्युनिअर मुलगी सीनिअरला ‘थांब’ म्हणेना. आपल्या वॉर्डांत इनचार्ज सिस्टरला, डॉक्टरांना टोकायची सवय कुणालाच नसते, आणि या भिडेपायी रुग्णही दगावतात. म्हणून मी स्वतः किट घातलं, मुद्दाम चुकीच्या क्रमाने काढायला लागले आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला समोर उभं केलं. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिसऱ्या वेळी ती इतक्या जोरात ‘मॅडम, थांबा!’ म्हणाली की बाहेरून मावशी धावत आल्या. माझ्या मते त्या महिन्यात आम्ही शिकवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती होती.

दुसरा मोठा सराव रुग्णाला पालथं झोपवण्याचा, म्हणजे प्रोनिंगचा. फुप्फुसांचा मागचा भाग पाठीवर झोपल्यावर दबला जातो. पालथं केलं की तो उघडतो आणि ऑक्सिजन सुधारतो. हे कोविडच्या आधीच सिद्ध झालेलं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोसेव्हा नावाच्या फ्रेंच अभ्यासात, व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांना दिवसाला किमान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतला मृत्युदर ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. औषध नव्हे, यंत्र नव्हे, माणसांनी माणसाला नीट वळवणं. पण ते वळवायला चार-पाच जण लागतात. डोक्याशी उभं राहणारी व्यक्ती श्वासनलिकेतली नळी धरते आणि हुकूम तिचाच चालतो. नळी निसटली तर काही मिनिटांत जीव जातो. आम्ही डमीला नळ्या, कॅथेटर, सलाईन सगळं जोडून ते केलं, पुन्हा पुन्हा. पहिल्या प्रयत्नांत दर वेळी काहीतरी उपटलं जायचं. मुली एकदम बोलायच्या. हळूहळू खोली शांत झाली आणि एकच आवाज ऐकू यायला लागला, ‘तीन म्हटल्यावर.’

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने शुद्धीवरच्या रुग्णांनी घरीच पालथं झोपण्याबद्दल सूचना काढली. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर हे करून बघावं, उशा कुठे ठेवायच्या तेही दिलं होतं: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. तेव्हा आमच्या मुलींच्या फोनवर गावाकडून प्रश्नांचा पाऊस पडला. खाट मिळत नव्हती, सिलिंडर मिळत नव्हता. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला ऑक्सिजन टाकीच्या गळतीने वीसहून अधिक रुग्ण गेले होते आणि लोक हबकलेले होते. मुली व्हिडिओ कॉलवर ‘काका, उशी अजून खाली घ्या, पोट मोकळं राहू द्या’ असं सांगत होत्या. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. ती शांतता डमीवरच्या सरावातून आली होती, हे मी खात्रीने सांगते.

याच काळात जगभर एक प्रश्न चर्चेत होता, की सरावाच्या खोलीतले तास वॉर्डातल्या तासांऐवजी धरायचे का? अमेरिकेत नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दहा कॉलेजांतले सहाशेहून अधिक विद्यार्थी त्यात शेवटपर्यंत होते. वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनने भरले तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात फरक पडला नाही. महामारीत अनेकांनी त्याचा आधार घेतला. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या पदवीसाठी २३०० तास प्रत्यक्ष कामाचे लागतात. तिथल्या नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये त्यातले ३०० तास सिम्युलेशनने भरायला परवानगी दिली, पुढे ती मर्यादा ६०० पर्यंत गेली.

आपल्याकडे ही वाक्यं अर्धीच वाचली जातात, याची मला काळजी वाटते. त्या अमेरिकी अभ्यासात शिकवणाऱ्यांना खास प्रशिक्षण होतं, आणि प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर चर्चा होती. तिला डीब्रीफिंग म्हणतात. प्रसंग दहा मिनिटांचा, चर्चा वीस-तीस मिनिटांची. डमी विकत आणून तिच्यासमोर साठ मुली उभ्या केल्या तर ते सिम्युलेशन नव्हे, ती गर्दी.

डीब्रीफिंगमध्ये काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्णाचा अभिनय करायला लावण्याची कल्पना हॉवर्ड बॅरोज या मेंदुविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात मांडली. आमच्याकडे नट कुठून येणार? आम्ही वॉर्डातल्या जुन्या मावशींना विचारलं. त्यांनी वीस वर्षं नातेवाईक पाहिलेले. प्रसंग असा होता: आत वडील गंभीर आहेत, मुलीला भेटता येत नाही, ती फोनवर आहे. मावशी पडद्यामागे फोन घेऊन बसल्या आणि नुसतंच म्हणाल्या, ‘बाई, माझ्या बाबानं काय खाल्लं का आज?’ चौथ्या वर्षाची मुलगी ऑक्सिजनचे आकडे सांगायला लागली. मावशींनी परत तेच विचारलं. पुन्हा आकडे. तिसऱ्यांदा मावशी खरंच रडायला लागल्या.

नंतर आम्ही गोल बसलो. मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, काय झालं? बराच वेळ गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘त्यांनी काय खाल्लं हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची भीती वाटली.’ मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘अगं, बघून सांगते म्हणायचं. एवढंच पुरतं त्यांना.’ माझ्या कोणत्याही व्याख्यानात हे बसलं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे हॅण्डओव्हरच्या कागदावर ‘आज काय खाल्लं’ हा रकाना आहे.

३ मे २०२१ रोजी पंतप्रधान कार्यालयाने जाहीर केलं, की बी.एस्सी. आणि जीएनएम उत्तीर्ण नर्सेसना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटीवर घ्यावं, आणि १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळावं. नुकत्याच पास झालेल्या आमच्या मुली गेल्या. त्यांचे फोन यायचे. किट काढताना एकीही अडखळली नाही, हे त्या स्वतः सांगत होत्या. पण दुसरंही सांगत होत्या, आणि ते मला इथे लिहिलंच पाहिजे. रुग्णाच्या अंगाला हात लावताना त्यांना भीती वाटत होती. कोविडची नव्हे, माणसाची. डमी कण्हत नाही, हात झिडकारत नाही, अंथरूण ओलं करून लाजत नाही. तापाने फणफणलेल्या कातडीचा चटका, उसासा टाकताना बदलणारी नाडी, झोपलेल्या म्हाताऱ्याला दचकू न देता उठवण्याची रीत, यातलं काही त्यांनी वर्षभर अनुभवलेलं नव्हतं. त्या बॅचला पुढचे काही महिने मुद्दाम वयस्क रुग्णांच्या आंघोळी, केस विंचरणं, भरवणं ही कामं द्या, अशी विनंती मी दोन इनचार्ज सिस्टरांना फोन करून केली. त्यांनी ती मानली.

म्हणून वॉर्डाऐवजी डमी, असं मी कधीच म्हणणार नाही. वॉर्डाच्या आधी डमी, असं म्हणते. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धत आणली, आणि त्यात लॅबमधल्या सरावाचे तास स्वतंत्र दाखवले. हे चांगलं पाऊल आहे. वेळापत्रकात तास आले की निदान दार उघडावं लागतं.

तासांच्या पलीकडे माझं मागणं अगदी व्यवहारी आहे. सरावाच्या खोलीची किल्ली ऑफिसात नको, ट्यूटरच्या आणि वर्गप्रतिनिधीच्या हाती असू द्या. मुलींना संध्याकाळी, हॉस्टेलचं जेवण होण्याआधी एक तास आपापला सराव करता आला पाहिजे. एका ट्यूटरकडे आठ-दहापेक्षा जास्त मुली देऊ नका. चर्चा कशी घ्यायची याचं प्रशिक्षण ट्यूटरना द्या, कारण टाकून बोलणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे आमच्यातल्या अनेकींना कुणी सांगितलेलंच नाही. मावशींना त्या कामाचा मोबदला द्या. आणि इन्स्पेक्शनला येणाऱ्यांनी मॅनिकिन किती आहेत ते मोजू नये, हाताच्या पॅडवर सुईच्या किती खुणा आहेत ते बघावं. पॅड गुळगुळीत असेल तर प्राचार्यांना त्याचं कारण विचारावं, आणि चाळणी झालेली असेल तर नवीन पॅडचे पैसे त्याच वर्षी मंजूर करावेत.